शर्यतीबाहेरची माणसे

आमचे घर हिवरखेडला आहे. अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातले हिवरखेड. मोर्शीकडेही एक हिवरखेड आहे, आणि आमची पत्रे कधीकधी तिकडची वारी करून येत असत. गेल्या दिवाळीत गावी गेलो असताना शाळेत विज्ञान शिकवणारे एक शिक्षक घरी आले. ते आमच्याच शाळेत आमच्या मागे चार-पाच वर्षे होते. हातात वेंकटरामन रामकृष्णन यांचे ‘जीन मशीन’ हे इंग्रजी पुस्तक. एका माजी विद्यार्थ्याने शाळेच्या वाचनालयाला भेट दिलेले.

“भाऊ, हे पुस्तक पोरायच्या हाती द्यावं का नाही, तेवढं सांगा,” ते म्हणाले. “इंग्रजी जड आहे, पण त्याचं काही नाही, मी सोबत बसून वाचून घेईन. मले भेव वेगळंच आहे. हे वाचून पोरं म्हणतील, नोबेल नाही भेटलं तर बाकी सारं फुकट.”

त्यांच्यासोबत बारावीतली एक विद्यार्थिनी होती. शब्दकोश घेऊन तिने पुस्तकाचा दोन तृतीयांश भाग संपवला होता. आम्ही याच क्षेत्रात काम करतो हे तिला सरांनी सांगितले होते. चहा होईपर्यंत ती गप्प बसली आणि मग तिने विचारले, “सर, तुमी याच्यातले कोन?”

त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. पुस्तक सोबत घेऊन आलो, पुन्हा एकदा वाचले, आणि हे परीक्षण लिहायला बसलो.

आधी तिच्या प्रश्नातील आमच्याबद्दलचा भाग. आम्ही एका संशोधन संस्थेतील संरचनात्मक जीवशास्त्राच्या गटात ‘स्टाफ सायंटिस्ट’ आहोत. आपल्याकडे या पदाला निरनिराळी नावे आहेत. कोठे ते कायम असते, कोठे प्रकल्पाबरोबर सुरू होते आणि प्रकल्पाबरोबर संपते. गटाचे प्रमुख प्राध्यापक असतात. पीएच.डी.चे विद्यार्थी पाच-सहा वर्षांसाठी येतात आणि जातात. आम्ही पीएच.डी. करून राहिलेले. गट आमच्या नावाने ओळखला जात नाही आणि आम्ही पदवीसाठीही काम करीत नाही. एखादे प्रथिन मागच्या खेपेस कोणत्या क्षारात विरघळले होते, शीतपेटीतल्या कोणत्या खणात कोणता जिवाणू ठेवला आहे, कोणता पंप दाब वाढला की गळतो, हे जिला ठाऊक असते ती व्यक्ती म्हणजे स्टाफ सायंटिस्ट.

कामाचे स्वरूप थोडक्यात असे. ज्या प्रथिनाची रचना हवी, त्याचा जनुक एखाद्या जिवाणूत घालायचा, बहुधा ई. कोलायमध्ये. तो जिवाणू वाढवायचा, फोडायचा, आणि त्यातल्या हजारो प्रथिनांमधून आपले एकटे वेगळे काढायचे. वऱ्हाडातल्या वाचकाला जिनिंग माहीत आहे. सरकी आणि रुई वेगळी करण्यासारखेच हे काम, पण येथे सरकी हजार तऱ्हेची असते. मग त्या शुद्ध प्रथिनाचा इवलासा थेंब काचेच्या पट्टीला उलटा टांगून, खाली क्षारद्रव ठेवून, डबी बंद करायची. थेंबातले पाणी हळूहळू उडते आणि नशीब असेल तर प्रथिनाचा स्फटिक धरतो. बहुतेक थेंबांत नुसता गाळ बसतो. स्फटिक मिळाला तर तो द्रव नायट्रोजनने थंड ठेवून त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि विखुरलेल्या ठिपक्यांवरून आतल्या अणूंच्या जागा काढायच्या. त्यातही एक मोठी गोम आहे. ठिपका किती ठळक हे मोजता येते, पण त्या लहरीची कला कळत नाही. तळ्याच्या काठाशी बसून लाटांची उंची मोजता यावी, पण कोणती लाट आधी निघाली आणि कोणती मागून हे कळू नये, तसे. तेवढ्यासाठी स्फटिकात जड अणू घुसवून पुन्हा सगळे मोजावे लागते. प्रथिनांच्या बाबतीत हा मार्ग चालवून दाखवायला मॅक्स पेरुट्झ यांना १९३७ ते १९५३ एवढा काळ लागला.

आता पुस्तक. ‘जीन मशीन’ २०१८ साली प्रसिद्ध झाले. विषय रायबोसोमचा. आपल्या पाठ्यपुस्तकांत रायबोसोम म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन लाडू, एक लहान, एक मोठा. या दोन लाडवांमध्ये जनुकाची आज्ञा वाचली जाते आणि तिच्या बरहुकूम प्रथिन विणले जाते. प्रत्येक जीवातले प्रत्येक प्रथिन येथेच तयार होते. जिवाणूच्या रायबोसोमचे वस्तुमान सुमारे २५ लाख डाल्टन. इन्सुलिनच्या रेणूच्या चारशेपटींहून जास्त. त्यात पन्नासहून अधिक प्रथिने आणि आरएनएचे तीन धागे. एवढ्या अवाढव्य, लवचिक वस्तूचा स्फटिक होईल आणि त्यातला प्रत्येक अणू जागेवर दाखवता येईल, यावर पुष्कळ वर्षे फारशा लोकांचा विश्वास नव्हता. इस्रायलच्या आदा योनाथ यांनी बर्लिनमध्ये काम करून १९८० साली मोठ्या भागाचे पहिले स्फटिक मिळवले. त्यानंतर कामाच्या स्फटिकांपासून संपूर्ण रचनेपर्यंत पोहोचायला वीस वर्षे गेली. २००० सालच्या ऑगस्टमध्ये येल विद्यापीठातील थॉमस स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या गटाने मोठा भाग, आणि सप्टेंबरमध्ये केंब्रिजला रामकृष्णन यांच्या गटाने लहान भाग अणूंच्या पातळीवर मांडला. योनाथ यांच्या गटाचा लहान भागही त्याच महिन्यात छापून आला. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल योनाथ, स्टाइट्झ आणि रामकृष्णन या तिघांना मिळाले.

या पुस्तकाचे गुण मोकळेपणाने सांगितले पाहिजेत. स्वतःविषयी इतक्या खरेपणाने लिहिणारा शास्त्रज्ञ विरळा. चिदंबरमला जन्मलेला आणि बडोद्यात वाढलेला मुलगा अमेरिकेत जाऊन भौतिकशास्त्रात पीएच.डी. करतो, आणि ती हातात पडताच ‘हे आपले काम नाही’ असे ठरवून जीवशास्त्र पहिल्यापासून शिकायला बसतो. पुढे नोकरीसाठी पन्नासच्या आसपास अर्ज करतो आणि कोठेही डाळ शिजत नाही. आपली महत्त्वाकांक्षा, हेवा, मागे पडण्याची धास्ती तो लपवत नाही. बारावीत ‘ग्रुप’ एकदा निवडला की जन्माची दिशा ठरली असे मानणाऱ्या आपल्या घरांत हा भाग वाचला गेला पाहिजे. आणि यासाठी बडोद्यापर्यंतही जायला नको. क्षयाच्या जंतूंतील प्रथिनांच्या रचनांवर काम केलेले शेखर मांडे हे नागपूरचे. त्यांनी एम.एस्सी. नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात केली. ते पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे संचालक आणि २०१८ ते २०२२ या काळात सीएसआयआरचे महासंचालक झाले.

दुसरा गुण असा की विज्ञान कोठेही पातळ केलेले नाही. लहान भागाच्या रचनेत ऑस्मियमच्या संयुगाचा जड अणू म्हणून उपयोग कसा झाला, प्रतिजैविके रायबोसोमच्या नेमक्या कोणत्या खाचेत बसून जिवाणूचे काम थांबवतात, हे शिक्षकाला वर्गात नेता येईल इतके स्वच्छ सांगितले आहे. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध गावोगावच्या दवाखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या टोचले गेले. ते कोठे बसते हे डोळ्यांनी दिसायला २००० साल उजाडावे लागले.

आता तक्रार. पुस्तकाच्या उपशीर्षकातच ‘शर्यत’ हा शब्द आहे, आणि शर्यतीचे कथानक एकदा घेतले की त्याचे काही नियम पाळावे लागतात. धावणारे थोडे असावे लागतात. पहिला कोण हे ठरवावे लागते. जो वेळ धावण्यात गेला नाही तो वाया गेला असे दाखवावे लागते. रामकृष्णन यांनी आपल्या विद्यार्थ्यांची आणि सहकाऱ्यांची चित्रे मोठ्या आपुलकीने रंगवली आहेत, हे मान्य करूनही आम्हांला वाटते की कथानकाने लेखकावर मात केली आहे. शर्यतीला उपयोगी पडणारा माणूस पानावर येतो, त्याचे काम होते, आणि तो निघून जातो. संस्था चालते ती मात्र न निघून जाणाऱ्या माणसांवर.

याचे सर्वांत बोलके उदाहरण खुद्द लेखकाचेच आहे. १९८३ ते १९९५ अशी बारा वर्षे रामकृष्णन अमेरिकेतील ब्रुकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते. पद कोणते? स्टाफ सायंटिस्टचेच. हिवरखेडच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच होते आणि आमच्या ते त्या दिवशी ध्यानात आले नाही! पण पुस्तकात ही बारा वर्षे स्टेशनच्या वेटिंग रूमसारखी वाटतात. गाडी यायची आहे, तोवर बसलो आहोत. वाचकाचे लक्ष पुढच्या केंब्रिजवर.

वास्तविक त्या काळात काय झाले? पीटर मूर आणि डोनाल्ड एंगेलमन यांच्या पुढाकाराने, न्यूट्रॉनांचा झोत वापरून, ई. कोलायच्या रायबोसोमच्या लहान भागातली २१ प्रथिने एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे जोडीजोडीने मोजले जात होते. एका वेळी दोनच प्रथिने जड हायड्रोजनने खुणावायची, बाकी रायबोसोम साधा ठेवायचा, पुन्हा सगळे जुळवायचे आणि त्या दोहोंमधले अंतर काढायचे. मग पुढची जोडी. या कंटाळवाण्या, चिवट कामाचा पूर्ण नकाशा १९८७ साली ‘सायन्स’मध्ये आला. लेखकांची नावे बारा. पहिले माल्कम केपेल, शेवटचे मूर, मधली सारी इंग्रजी वर्णक्रमाने. त्यांत रामकृष्णन सहावे. बारा वर्षांनी, १९९९ मध्ये, लहान भागाची पहिली उपयोगी क्ष-किरण रचना ‘नेचर’मध्ये आली तेव्हा सहा नावांत रामकृष्णन शेवटचे, म्हणजे गटप्रमुख, आणि पाचवे नाव त्याच माल्कम केपेल यांचे. ते आता ब्रुकहेव्हनच्या सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरणांची वाट, म्हणजे बीमलाइन, सांभाळत होते.

शिक्षकांनी हे दोन लेख फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. न्यूट्रॉनचा नकाशा फुकट गेला नाही. स्फटिकांतून मिळणारे धूसर चित्र वाचताना कोणते प्रथिन साधारण कोठे असावे हे त्यामुळे आधीच ठाऊक होते. ज्या कामाला शर्यतीच्या गोष्टीत जागा नाही त्या कामावर शर्यत धावली. ही गोष्ट लेखकाला आमच्याहून हजारपटीने ठाऊक आहे. म्हणूनच ती त्यांनी सावकाश सांगायला हवी होती असे वाटते.

हा दोष काही त्यांनी निर्माण केलेला नाही. शर्यतीचा हा साचा १९६८ साली जेम्स वॉटसन यांच्या ‘द डबल हेलिक्स’ने घालून दिला. ते पुस्तक आम्ही अकोल्याला कॉलेजात असताना एका रात्रीत वाचले होते आणि वेडावून गेलो होतो. (हेलिक्स म्हणजे काय हे आम्हांला त्याआधीच समजले होते. हिवरखेडहून खंडव्याला जाणारी मीटरगेज गाडी धूळघाटापाशी वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून चढत असे. ती गाडी २०१७ साली बंद झाली.) चाळिशीत पुन्हा वाचले तेव्हा दुसरेच दिसले. रोझालिंड फ्रँकलिन यांच्यावर त्या पुस्तकाने केलेला अन्याय आता सर्वांना माहीत आहे. पण ‘छायाचित्र ५१’ म्हणून प्रसिद्ध असलेले ते चित्र मे १९५२ मध्ये कॅमेऱ्यापाशी राहून घेतले ते त्यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी. आणि ज्या डीएनएचे ते चित्र होते, तो डीएनए स्वित्झर्लंडमधील बर्न येथील रुडॉल्फ सिग्नर यांनी १९५० साली लंडनला आणून वाटला होता. इतका लांब, न तुटलेला डीएनए त्या वेळी दुसऱ्या कोणापाशी क्वचितच होता. त्यांच्या शुद्धीकरणाच्या हातोटीवाचून ते छायाचित्र निघालेच नसते. किती पाठ्यपुस्तकांत सिग्नर यांचे नाव आहे?

फ्रँकलिन यांना न्याय मिळाला तो एक नायक काढून दुसरी नायिका बसवून. चौकट तीच राहिली. हे आम्ही त्यांचे महत्त्व कमी करण्यासाठी म्हणत नाही. त्या कोणाचीही पायरी नव्हत्या, त्या स्वतंत्र प्रज्ञेच्या शास्त्रज्ञ होत्या. पण दोनच्या जागी तीन नावे पाठ केली की विज्ञान कसे घडते हे मुलांना समजले, असे होत नाही.

निराळी रीतही आहे, आणि ती जुनी आहे. डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनचा पहिला क्ष-किरण फोटो १९३५ साली घेतला. रचना प्रसिद्ध झाली १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये, चौतीस वर्षांनी. मधल्या काळात, १९६४ मध्ये, त्यांना नोबेल मिळून गेले होते. त्या लेखावर दहा नावे आहेत. ती दोन तुकड्यांत आहेत आणि प्रत्येक तुकडी इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली आहे. पहिल्या पाचांत ॲडम्स, ब्लंडेल, डॉडसन, डॉडसन, विजयन. दुसऱ्या पाचांत हॉजकिन आहेत. एकूण यादीत आठव्या. यातले विजयन म्हणजे एम. विजयन. त्यांनी बंगलोरला परत येऊन भारतात प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राची परंपरा उभी केली. २०२२ साली ते वारले. दोन डॉडसनांपैकी एलिनॉर डॉडसन या हॉजकिन यांच्याकडे साहाय्यक म्हणून आल्या होत्या, गणिताची पदवी घेऊन. पुढे त्यांनी लिहिलेल्या आणि सांभाळलेल्या संगणक-कार्यक्रमांवर जगभरच्या प्रयोगशाळांनी आपल्या रचना सोडवल्या. आम्हीही.

याच डॉडसन दांपत्याच्या यॉर्क येथील गटाबरोबर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पेनिसिलिन व्ही ॲसायलेज या विकराची रचना सोडवली. हे विकर पेनिसिलिनची एक बाजू छाटून टाकते आणि उरलेल्या गाभ्यापासून ॲम्पिसिलिनसारखी नवी औषधे बनवता येतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या लेखावर पहिले नाव सी. जी. सुरेश यांचे, दुसरे अर्चना पुंडले यांचे, तिसरे एच. शिवरामन यांचे. आम्हांला त्या यादीत रस आहे तो एवढ्यासाठी, की स्फटिकशास्त्रज्ञांच्या बरोबरीने विकर वाढवणाऱ्या आणि शुद्ध करणाऱ्या जीवरसायनतज्ज्ञांची नावे तेथे वर आहेत. विकर नाही तर स्फटिक नाही. अशी यादी कोणी ‘शर्यत’ म्हणून लिहिली तर तिचे एक पानही भरणार नाही.

उलट उदाहरण आपल्याच घरचे. ‘रामचंद्रन आलेख’ जीवरसायनाच्या प्रत्येक पुस्तकात असतो. प्रथिनाच्या साखळीला कोणते वळण घेता येईल आणि कोणते नाही, हे तो सांगतो. १९६३ च्या त्या लेखावर तीन नावे आहेत: जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन (हे वेगळे रामकृष्णन) आणि व्ही. शशिशेखरन. अणू एकमेकांना कोठे धडकतात याची आकडेमोड त्या काळच्या टेबलावरच्या गणनयंत्रांवर, एकेक कोन बदलून करायची होती. आलेखाला एकच नाव चिकटले, ते जिभेला सोपे पडते म्हणून. त्याबद्दल भांडण नाही. पण शिकवताना उरलेली दोन नावे उच्चारायला किती सेकंद लागतात?

येथे थोडे आमच्या पोटातले. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही एक प्रथिन दोन वर्षे खपून शुद्ध केले होते. ते थंड खोलीत चार तासांवर टिकत नसे. कोणत्या क्षाराने टिकेल हे सापडले तोवर आमची मुदत संपली आणि आम्ही दुसरीकडे गेलो. रचना पुढे छापून आली. आमचे नाव शेवटी आभारांत होते, तेही आद्याक्षरे चुकवून. ती संस्था कोणती हे सांगण्यात अर्थ नाही. असे पुष्कळ ठिकाणी होते. राग बरीच वर्षे होता. मग एके दिवशी लक्षात आले की आमच्या स्वतःच्या एका लेखात, रोज सकाळी थेंब लावणाऱ्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वहीत नोंद करणाऱ्या मुलाचे नाव आम्ही आभारांतही घातलेले नाही. तो तेव्हा पगारी मदतनीस होता, आणि आम्हांला ते सुचलेच नव्हते. त्याच्या वहीतल्या एका नोंदीवरून आम्हांला स्फटिकाची अट सापडली होती. तो आता औषधांच्या कारखान्यात आहे. आम्ही त्याला पत्र लिहिले. त्याने फोन करून “सर, त्यात काय एवढं” म्हटले. त्या वाक्याने आम्हांला जास्त लागले.

‘जीन मशीन’ प्रसिद्ध झाल्यावर एक घडामोड अशी झाली आहे की तिच्यामुळे हे सारे जुन्या माणसांचे रडगाणे ठरू नये. प्रथिनांच्या सोडवलेल्या रचना १९७१ पासून ‘प्रोटीन डेटा बँक’ या सार्वजनिक भांडारात ठेवल्या जातात. आरंभी तेथे सात रचना होत्या. २०२३ च्या प्रारंभी दोन लाखांचा आकडा ओलांडला गेला. प्रत्येक रचनेमागे कोणीतरी थेंब लावले आहेत. त्यातल्या सुमारे १ लाख ७० हजार रचनांवर शिकून ‘अल्फाफोल्ड’ हा संगणक-कार्यक्रम तयार झाला. नुसत्या अनुक्रमावरून तो पुष्कळशा प्रथिनांचा आकार बऱ्यापैकी अचूक सांगतो. डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना त्यासाठी २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. तो योग्यच होता. पण त्या कार्यक्रमाने ज्यांच्यावर अभ्यास केला, ती पाने लाखाच्या घरातल्या मधल्या नावांनी लिहिलेली आहेत. आता आमचे विद्यार्थीच विचारतात, की यंत्र आकार सांगत असेल तर स्फटिक कशाला? आम्ही सांगतो, यंत्राने सांगितलेला आकार हे अनुमान आहे. औषध नेमके कसे बसते, प्रथिन हलते कसे, नवे काही निघाले तर ते खरे का, हे मोजूनच पाहावे लागते. आमचे काम त्यामुळे कमी झालेले नाही, बदलले आहे. पूर्वी जड अणूंच्या मागे वर्ष जाई, आता तो वेळ वाचतो. प्रथिन मात्र अजूनही थंड खोलीत चार तासांवर टिकत नाही.

तेव्हा शिक्षकमित्राच्या प्रश्नाचे उत्तर: पुस्तक जरूर द्यावे. पण एकटे देऊ नये. बडोदा आणि ओहायोचा भाग मुलांनी स्वतः वाचावा. ब्रुकहेव्हनचा भाग शिक्षकांनी थांबून वाचून घ्यावा आणि १९८७ व १९९९ च्या नावांच्या याद्या समोर ठेवाव्यात. बक्षिसांच्या राजकारणावर लेखकाने जे मोकळेपणाने लिहिले आहे, ते वर्गात वादासाठी उत्तम. नोबेल एका विषयात जास्तीत जास्त तिघांना देता येते, हा नियम सांगून रायबोसोमसाठी कोणाला वगळावे लागले हे मुलांना शोधू द्यावे. येलच्या मोठ्या भागात स्टाइट्झ यांच्या बरोबरीने असलेले पीटर मूर त्या तिघांत नाहीत. तेथून सुरुवात करता येईल.

आणि एक प्रयोग. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात लायसोझाइम नावाचे विकर असते. रचना सोडवली गेलेले हे पहिलेच विकर, १९६५ साली. त्याची शुद्ध भुकटी विकत मिळते. ॲसिटेटच्या आम्लधर्मी द्रावणात ती विरघळवून मिठाच्या द्रवावर थेंब टांगला तर एकदोन दिवसांत, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतील असे पैलूदार स्फटिक येतात. दिवाळीनंतर आम्ही थोडी भुकटी, काचेच्या पट्ट्या आणि ग्रीस हिवरखेडला पाठवले. मिठाचे प्रमाण मुद्दाम कळवले नाही. ते मुलांनी शोधायचे होते. इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी बीएआरसीने उभारलेली बीमलाइन आहे, स्फटिक चांगले आले तर तेथले कोणी ओळखीचे निघते का पाहू, असे गमतीने लिहिले होते.

गेल्या महिन्यात शिक्षकांचे पत्र आले. अठ्ठेचाळीस थेंब लावले. पहिल्या आठवड्यात एकातही काही नाही, कारण मुले दर तासाला झाकण उघडून बघत होती. मग त्या मुलीने कपाटाची किल्ली आपल्याकडे घेतली. रोज सकाळी एकदा, शाळा भरण्याआधी, ती एकटी बघायची आणि खोलीचे तापमान लिहायची. नवव्या दिवशी तीन थेंबांत स्फटिक. पत्रासोबत तिच्या वहीच्या पानाची प्रत होती. वर तारीख, खाली थेंबांचे क्रमांक, मिठाचे प्रमाण, तापमान, आणि समासात, “३१ नंबरचा थेंब प्रशांतने लावला, माझा नाही” असे लिहिलेले.